टायपिंगपुरता प्रोसेसर

मालवणच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एकजण कॉम्प्युटर जुळवून विकायचा. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, "काम काय करूचा आसा?" आणि उत्तर डोळे मिटून ऐकायचा. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याला त्याने हट्टाने महागडा पेंटियम प्रोसेसर घ्यायला लावला. टायपिंगवाल्यांना मात्र तो स्वस्तातला सेलेरॉनच द्यायचा.

एकदा मासे विकणारी एक मावशी लेकीला घेऊन आली. लेक घरी टायपिंगची कामं घेणार होती.

"सगळ्यात मोठो दाखव," मावशी म्हणाली.

"मावशी, टायपिंगाक सादो पुरता."

मावशीचा चेहरा उतरला. "आमी मासे इकतंव म्हणान हलको दाखयतस?"

तो वाद घालत बसला नाही. त्याने स्वतःच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बंद केला, झाकण उघडलं, पंखा काढला आणि आतला सेलेरॉन दाखवला. "दुकानाचा सगळा काम मी ह्येच्यार करतंय."

लेकीने वाकून नाव वाचलं आणि मान डोलावली. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मावशी हसली. "मगे ह्योच दी. पण आत केवढी धूळ रे! पुसत जा जरा."

तो लाजून फडकं शोधायला उठला.