वाळवणाची राखण

देवपुरात आमचं घर आग्रा रोडला लागून होतं. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दमा होता. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब ठेवा, मोकळ्या हवेत बसवा. धूर म्हणजे चूल, असं आमच्या घरानं धरलं. खाली दिवसभर ट्रक धूर ओकत जायचे, तो धूर कुणी धुरात धरलाच नाही.

चैत्र लागला की गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालायच्या. सकाळी घातलेलं वाळवण दुपारभर कावळ्यांपासून राखायचं, हे आजाऱ्याला झेपणारं काम, म्हणून अक्काला वर बसवलं. आभाळ स्वच्छ, धूर नावाला नाही. आणि ऊन चढलं की तिची छाती घरघरायला लागायची. सकाळी हसतीखेळती असलेली ही मुलगी दुपारी तोंडानं श्वास ओढत जिना उतरायची.

“वर बठ्ठी मोकळी हवा शे. मंग दम कसाले लागस?” आई विचारायची. शेजारणींनी निकालच लावला, पोरगी कामचुकार आहे, सोंगं करते. तिला बघायला येणाऱ्यांच्या कानावरही ते गेलं. “माले चूलजोडेच बसू द्या,” अक्का म्हणायची. तिचं ऐकतो कोण.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. ओझोन म्हणजे पृथ्वीची छत्री, असं मीही फळ्यावर काढत आलो. मग नव्वदीनंतर कधीतरी एका लेखात वाचलं, गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की तोच वायू जमिनीलगतही तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, दुपारी वाढतो आणि दमेकऱ्याची छाती आवळतो. चुलीचा धूर काही औषध नव्हता, हे खरं. पण पथ्य म्हणून आम्ही तिला नेमकं त्या हवेत नेऊन बसवलं, आणि वर खोटं तिलाच पाडलं.

लेख घेऊन घरी गेलो. अक्का माहेरीच होती, लग्न जमलंच नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

“म्हंजे मी सोंग करत नव्हतू, माय,” अक्का म्हणाली.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग वाळवण कोन राखतं?”

मला आईचा राग आला, तो अजून गेलेला नाही. ऊन चढलं होतं, वर गच्चीत बिबडे वाळत होते. थोड्या वेळानं अक्का उठली, कोपऱ्यातली कावळे हाकायची काठी घेतली आणि गच्चीवर गेली.