उन्हात ठेवलेली घागर

थंड मुलखातील माणसे चांगल्या हवेसाठी आमच्या रोहण्यास राहावयास येतील, असे पूर्वी कोणी सांगितले असते तर गाव हसले असते. वैशाखात आमच्याकडील माणूसदेखील दुपारी घराबाहेर पडत नाही. तरीही आनंदाबाई थुटे आपल्या पतीसह आणि मुलीसह हिमालयाच्या डोंगरातून येथे आल्या, आणि केवळ हवेसाठीच आल्या. त्या माझ्या शेजारीण होत्या. आमच्या दोन्ही अंगणांच्या मध्ये फक्त तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे कुंपण होते. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते मी लिहीत आहे.

सन १९७४ च्या मार्गशीर्ष महिन्यात ते पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीने आले. त्यांना घेण्यासाठी स्टेशनवर बैलांची बंडी गेली होती व बंडीत त्यांच्या सासूबाईंसोबत मीही होते. आनंदाबाईंनी पाच वर्षांच्या कोकिळेस लोकरीचा जाड अंगरखा, लोकरीची टोपी आणि लोकरीचे मोजे घातले होते. डोळे व नाक एवढेच दिसत होते. ऊन मात्र चांगले पडले होते.

बंडी हाकणारे भैयाजी म्हणाले, "काय हो वहिनी, पोरगी आनली का मेंढी?"

सगळे हसले. त्यांचे पती चंद्रभानभाऊही हसले. आनंदाबाईंनी मात्र मुलीची टोपी दोन्ही हातांनी आणखी खाली ओढली व त्या म्हणाल्या, "असू द्या जी. हिले गरम राहू द्या."

तेव्हा त्या शब्दांचा भार मला कळला नाही.

चंद्रभानभाऊ हे थुट्यांचे एकुलते एक चिरंजीव. तरुणपणी ते सूतकताईचे शिक्षण घेऊन अल्मोड्याच्या पलीकडील डोंगरात, लोकर कातण्याच्या एका केंद्रात कामास लागले होते. लग्नानंतर आनंदाबाईही तेथे गेल्या. त्यांना तेथे दोन अपत्ये झाली. थोरला गुणवंत आणि धाकटी कोकिळा. एका माघ महिन्यात गुणवंताची छाती भरली. बाहेर बर्फ पडत होते व वाट बंद झाली होती. डॉक्टर येण्यापूर्वीच तो गेला. त्याचे दुधाचे दात अजून पडले नव्हते, म्हणून त्यास अग्नी न देता ओढ्याच्या काठी पुरले. अंगावर घालण्यासाठी आनंदाबाईंनी घरातील लोकरीचे कांबळे काढले होते. परंतु तेथील वडीलधाऱ्यांनी सांगितले की मृतास लोकर देत नाहीत, पांढरे सुती कापडच द्यावे लागते. ज्या घरात दिवसभर लोकर कातली जात होती, त्या घरातील मूल पातळ कापडात बर्फाखाली गेले. हे आनंदाबाई कधीही विसरल्या नाहीत.

पुढील हिवाळ्यात कोकिळेची छाती भरू लागली. तेथील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ही मुलगी हवी असेल तर तिला उष्ण मुलखात न्या. चंद्रभानभाऊंनी नोकरी सोडली. आनंदाबाई निघावयास तयार नव्हत्या. एका लेकरास वाचविण्यासाठी दुसऱ्यास तेथे एकटे ठेवून यावे लागले, असे त्या मला म्हणत.

येथील हवेने कोकिळेस खरोखरच गुण आला. हे मान्य करावयास हवे. हिवाळ्यात ती सकाळपासून उन्हात बसे. पहिल्या दोन महिन्यांतच टोपी गेली, मोजे गेले, आणि संक्रांतीच्या सुमारास ती अनवाणी पायांनी तुरीच्या शेतात पळू लागली. आनंदाबाई बांधावर उभ्या राहून पाहत असत. एकदा मी म्हटले, "आता त खोकत बी नाई."

त्या म्हणाल्या, "हिले ऊन भेटलं, बाई. त्याले नाई भेटलं."

त्यानंतर वैशाख आला, आणि त्याबरोबर अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर आणून त्यात थंड पाणी भरतात, वाळा टाकतात, आणि ती घरातील सर्वांत गार जागी ठेवून पूजा करतात. गेलेल्या माणसास उन्हाळ्यात तहान लागू नये, हा त्यामागील भाव आहे.

थुट्यांच्या घरी ही घागर सासूबाई शकुबाई स्वतः भरीत असत. त्यांचे पती लक्ष्मणराव वैशाखात आर्वीच्या बाजारातून पायी येत असता ऊन लागून गेले होते. शेवटी त्यांनी पाणी मागितले व ते मिळाले नाही. म्हणून शकुबाई या कामात कोणासही हात लावू देत नसत. परंतु त्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते व त्यांनी सुनेस सांगितले, "घागर भरून ठेव. मी येतो पूजेले."

त्या आल्या तेव्हा घागर देवघरात नव्हती. ती अंगणाच्या मधोमध, भर उन्हात ठेवलेली होती. मी कुंपणापलीकडून पाहत होते. मला वाटले, सूनबाई विसरल्या असाव्यात. शकुबाईंनी आत हात घातला आणि पाणी गरम लागताच चटकन बाहेर काढला.

"आनंदा, हे काय करून ठेवलं? माह्या मालकाले गरम पानी पाजतं?"

आनंदाबाई दारात उभ्या होत्या. "आत्याबाई, मामंजीचं ध्यानात नाई आलं. मले आपला गुणवंतच दिसून राह्यला होता. त्याले थंडीनं मारलं. त्याले थंड पानी कसं देऊ मी?"

"गुणवंताची घागर कोनं सांगितली तुले?"

"कोनं सांगाले पाह्यजे काय? तो गेला नाई काय?"

शकुबाईंनी घागर कलंडून सर्व पाणी अंगणात ओतून दिले व विहिरीवर जाऊन दुसरे पाणी आणले. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या स्वतः गेल्या. परत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "लेकराची घागर भरत नाई. लेकराची भरली त ते घरातल्या दुसऱ्या लेकराले बोलावते. तुले कोकिळा पाह्यजे का नाई?"

आनंदाबाई दारातून पुढे येऊन उन्हात उभ्या राहिल्या.

या प्रसंगावरून शकुबाई कठोर होत्या असे कोणी समजू नये. कोकिळेस त्या आपल्या ताटात घेऊन जेवत. हिवाळ्यात चुलीपाशी बसून तिच्या तळपायांना तेल चोळीत. त्यांना खरोखर भीती वाटत होती. आनंदाबाई दरवर्षी अक्षय तृतीयेपूर्वी एकदा विचारीत, "आत्याबाई, औंदा त्याची भरू?" आणि शकुबाई म्हणत, "पोरगी मोठी होऊ दे." त्यापुढे बोलणे होत नसे. त्या दिवशी आनंदाबाई घरातील स्वयंपाक, नैवेद्य, सर्व यथास्थित करीत. त्या स्वतः मात्र पूजा संपेपर्यंत अंगणात उन्हात उभ्या राहत. त्यांना सावलीत बोलाविले तरी येत नसत.

चंद्रभानभाऊ त्यांना म्हणत, "एकदा नेतो तुले तिकडे. उन्हाळ्यात जाऊ. जागा पाहून येशील, त मन हलकं होईल." त्यांनी ते मनापासून म्हटले असावे. परंतु घरात करणारे ते एकटेच होते व उन्हाळ्यात नांगरणी असे. जाणे पुढे जात राहिले.

१९७९ च्या सुमारास गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. आनंदाबाई व मी एकाच चटईवर बसत असू. त्यांचे अक्षर माझ्याहून चांगले होते. पाटीवर स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले तेव्हा त्यांनी प्रथम मुलाचे लिहिले, मग मुलीचे, आणि आपल्या नावासाठी पाटीवर जागा उरली नाही. वर्गाच्या बाईंनी विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "माह्यं उद्या लिहितो."

त्यानंतर एका उन्हाळ्यात सिंदीचे वासुदेवराव रोहण्यास आले. ते चंद्रभानभाऊंबरोबर त्याच डोंगरातील केंद्रात कामास होते व आता कायमचे परत आले होते. ते जेवावयास बसले. आनंदाबाई वाढत होत्या. मी चुलीपाशी पोळ्या लाटत होते.

आनंदाबाईंनी विचारले, "भाऊजी, वढ्याच्या काठी गेलते काय कधी? आम्ही औंदा तिकडे जाचं म्हनून राह्यलो."

वासुदेवरावांनी चंद्रभानभाऊंकडे पाहिले. चंद्रभानभाऊ खाली पाहून जेवत होते. वासुदेवरावांना वाटले असावे की घरात हे ठाऊक नाही म्हणून कोणीतरी सांगावयास हवे. ते म्हणाले, "वहिनी, आता तिथं जाऊन काय करता? तीन पावसाळे झाले. डोंगर खचला अन् तो काठ सारा वाहून गेला. खालपर्यंत नुसते दगड आहेत."

आनंदाबाईंच्या हातात कढीचे भांडे होते. त्यांनी ते खाली ठेवले नाही. वासुदेवरावांच्या वाटीत कढी वाढली, नवऱ्याच्या वाटीत वाढली, आणि विचारले, "पानी लई थंड असन नाई काय तिथलं?"

वासुदेवराव म्हणाले, "बर्फाचंच पानी ते, वहिनी."

आनंदाबाईंनी मान हलविली. "भात आनतो," असे म्हणून त्या आत गेल्या. भात घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कोरडा होता. पाहुण्यास त्यांनी आग्रह करून वाढले. संध्याकाळी मात्र मी त्यांना सासूपाशी बसलेले पाहिले. त्या म्हणत होत्या, "आत्याबाई, आता त्याले जागा बी नाई राह्यली. घागरीशिवाय त्याले कुठंच ठिकाण नाई."

शकुबाई जात्याच्या खुंट्याला धरून बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. पण हो म्हणाल्या नाहीत. कोकिळा तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती आणि त्याच आठवड्यात तिला ताप येऊन गेला होता.

डोंगरात जाण्याचा विषय आनंदाबाईंनी पुन्हा काढला नाही.

१९८५ च्या पौष महिन्यात त्यांना कावीळ झाली. गावठी औषधाने उतरली नाही, तेव्हा त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. मी शकुबाईंस घेऊन भेटावयास गेले. खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होते. त्या फार पिवळ्या व लहान दिसत होत्या. कोकिळा उशाशी बसली होती.

शकुबाईंनी विचारले, "ऊन लागते काय? खाट सरकवायले सांगू?"

"नाई, राहू द्या. बरं वाटते." मग थोड्या वेळाने आनंदाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, औंदा त्याची भरजा. मी नसन त बी."

शकुबाई म्हणाल्या, "आधी तू बरी होऊन घरी येजो. मंग पाहू."

आनंदाबाईंनी डोळे मिटले. शकुबाई आणखी काही बोलण्यासाठी थांबल्या होत्या, असे मला वाटले. परंतु नर्सबाईंनी आम्हांस बाहेर जाण्यास सांगितले. परतीच्या गाडीत शकुबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या, "हो म्हनायले काय झालं होतं मले." चौथ्या दिवशी आनंदाबाई गेल्या.

त्या वर्षीची अक्षय तृतीया चैत्र संपून ऊन पुरते तापल्यावर आली. शकुबाईंनी मला सकाळीच हाक मारली. "सुमित्रे, ये जरा. माह्यानं वाकवत नाई." मी गेले. देवघरात दोन घागरी भरल्या होत्या. एक लक्ष्मणरावांची. दुसरी नवी, आनंदाबाईंची. दोन्हींत वाळा टाकला होता व पाणी गार होते. शकुबाई त्यांच्यापुढे बसल्या. मग त्यांनी पदराआडून एक लहान गाडगे काढले. ते त्यांनी कुंभाराकडून आणून लपवून ठेवले होते.

त्या कोकिळेस म्हणाल्या, "पोरी, मले भेव वाटते."

कोकिळेने आजीच्या हातातून गाडगे घेतले. "मी लेकरू आहो काय आता, आजी? मले कोन बोलावते? मायनं मांगितलं होतं ना?" तिने चूल पेटविली, पाणी कोमट केले आणि गाडग्यात ओतले. शकुबाईंनी पाण्यात आपला कोपर बुडवून पाहिला, तान्ह्या लेकराचे न्हाणे करताना पाहतात तसा.

"थोडं थंड टाक. भाजन त्याले."

कोकिळेने थंड पाणी टाकले. त्यांनी पुन्हा कोपर बुडविला व मान हलविली. मी गाडगे उचलून देवघरात, गुणवंताच्या आईच्या घागरीजवळ नेऊ लागले, तेव्हा शकुबाईंनी माझा हात धरला.

"तिथं नको. तिथं गार आहे. याले उन्हात ठेव."

गाडगे अंगणाच्या मधोमध ठेवले. शकुबाई त्याच्यापाशी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. आम्ही दोघींनी विनविले तरी त्या सावलीत आल्या नाहीत. दुपार कलली तशी कडुनिंबाची सावली अंगणात सरकू लागली. सावली गाडग्यास लागली की शकुबाई ते दोन्ही हातांनी उचलून थोडे पुढे उन्हात ठेवीत आणि स्वतःही बसल्या बसल्याच पुढे सरकत. ऊन कुंपणापर्यंत जाऊन संपेपर्यंत त्या तसेच करीत होत्या.