भातलावणीची रजा, एका फ्लॉपीवर

माझे वडील खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते; हजेरी आणि रजा त्यांच्याकडे. वर्षभर त्यांना कुणी फारसं विचारायचं नाही, पण जुलैत ते राजे. निम्मे कामगार भातशेतीवाले, आणि लावणीची रजा सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी. बाबांनी त्यावर स्वतःचा कायदा केला होता. सखल खाचरवाले आधी, चढावरचे मागून. घरात एकटाच गडी असेल तर त्याला एक दिवस जास्त. दोन भाऊ एका पाळीत असतील तर एकानं थांबायचं. आमची स्वतःची वीतभर जमीन नव्हती, त्यामुळे बाबांवर कुणाला संशय घेता येत नसे.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कारखान्यात कॉम्प्युटर आला. मी तेव्हा कर्जतला टायपिंग क्लास चालवायचो. क्लासच्या मागच्या खोलीत माझाही एक कॉम्प्युटर होता, आणि त्या जोरावर मी तालुक्यातला शास्त्रज्ञ समजला जायचो. रजेचा प्रोग्रॅम करायचं काम माझ्याकडे आलं. बाबा खुर्चीत बसून कायदा सांगायचे, मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत ओळी लिहायचो. गंमत म्हणून त्यांची बोलणीही आत घातली. एकाच हजेरी नंबरावर कुणी दुसऱ्यांदा रजा मागितली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं, ‘तुझी लावणी दोनदा व्हते काय रं?’

पहिल्याच जुलैत घोटाळा झाला. बेसिकचा प्रोग्रॅम म्हणजे उघडं घर. लिस्ट म्हटलं की सगळ्या ओळी समोर. टाइम ऑफिसच्या कारकुनानं मधे एक ओळ घुसवली आणि आपल्या मेव्हण्याला यादीत सगळ्यांच्या वर बसवला. बाबांचं ते दम देणारं वाक्यही पुसून टाकलं. मेव्हण्याची खाचरं चढावर! ज्याची पाळी गेली तो म्हातारा कामगार आमच्या ओट्यावर येऊन बसला.

“टाइमकीपर, तुमी होता तवा असं नव्हतं.”

तो गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. “वही दिलीस त्याच्या हाती, अन् लिवलंस पेन्शिलीनं. शाईनं लिवता येत नाय काय रं त्या डब्यात?”

येत होतं. त्यासाठी कंपायलर लागायचा. तो ओळी गिळून त्यांचा असा एक गोळा करायचा की चालवता येईल, वाचता येणार नाही. पुढची लावणी यायच्या आत मी कंपायलर मिळवला, मूळ ओळी दुरुस्त केल्या, गोळा केला, कर्जतला चालवून पाहिला आणि फ्लॉपी बुशशर्टाच्या खिशात घालून खोपोलीच्या गाडीत बसलो. टाइम ऑफिसात ऐटीत फ्लॉपी सरकवली. प्रोग्रॅम सुरूच होईना. त्याला आणखी एक फाइल हवी होती, आणि ती माझ्या कर्जतच्या मशीनमध्ये होती.

“मास्तर,” कारकून म्हणाला, “पोराला एकट्याला पाठवू नका. आईशिवाय राहत नाय ते.”

मी हसलो. त्याच आठवड्यात बाबा गेले.

लोक म्हणतात रडू कोसळतं. माझं काही कोसळलं नाही. मी चटया आणल्या, खुर्च्या मोजून परत केल्या. पुण्यानुमोदनाला निम्मा कारखाना आला. वंदना झाली, दोघेतिघे बाबांवर बोलले, आणि जेवणाच्या पंगतीत तो म्हातारा माझ्या कानाशी लागला.

“बाबाचं वाईट झालं. पण औंदा रजा कोन लावनार?”

मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. मी त्याला वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी कंपायलरचं पुस्तक नीट वाचलं. सगळं एकाच फाइलीत बांधायची सोय त्यात होती. प्रोग्रॅम तिप्पट फुगला, पण एका फ्लॉपीत मावला. कामगारांची आणि खाचरांची यादी तेवढी वेगळी ठेवली, आणि ती छापून सगळ्यांना दिसेल अशी फाटकाशी लावायची असं कारखान्याच्या साहेबांकडून लिहून घेतलं.

या खेपेला टाइम ऑफिसात प्रोग्रॅम एकटा चालला. दारात पाचसहा कामगार उभे होते. कारकुनानं मेव्हण्याचा नंबर घातला. रजा मिळाली, पण नवव्या दिवसापासून. त्यानं तोच नंबर पुन्हा घातला.

‘तुझी लावणी दोनदा व्हते काय रं?’

दारातले खो खो हसले. “आयला, टाइमकीपर आतच बसलाय!” एक जण म्हणाला आणि लगेच ओशाळला. सगळे माझ्याकडे बघू लागले. इथे रडू येईल असा माझा अंदाज होता, म्हणून धुतलेला रुमाल आणला होता. मी पडद्याकडे बघत राहिलो. एका अक्षराची टायपिंगची चूक दिसली, एवढंच.

“मास्तर, तेवढं वाक्य काढून टाका ना,” कारकून हळूच म्हणाला.

मूळ ओळी कर्जतला माझ्या कपाटात होत्या. काढायला पाच मिनिटं लागली असती.

“नाही निघत,” मी म्हणालो. “शाईनं लिहिलंय.”

रुमाल घडी न मोडता घरी नेला.