धवलारणीच्या कवळीचं माप

नंदाच्या पायाला भिंगरी आहे, असं चौकात सगळेच म्हणतात. जुन्या हायवेला एका गॅरेजच्या माडीवर तिची कवळ्या बनवायची लॅब. कर्जतच्या डॉक्टर ऋजुताकडून स्कूटरवर मापं आणायची, मेणात दात बसवायचे, मग मेण काढून त्या जागी ॲक्रिलिक भरायचं आणि पाण्यात शिजवायचं. काम बैठं, पण बाई एका जागी बसेल तर शपथ.

त्या घाईनंच घात केला. पावडर पाण्यात कालवून घेतलेलं हिरडीचं माप ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचं असतं आणि पोचल्या पोचल्या त्यात प्लास्टर ओतायचं असतं. सुकलं की आक्रसलं, नंदाला हे झोपेतसुद्धा ठाऊक. पण त्या दिवशी लोधिवलीच्या सोनाबाईंचं माप डिकीत टाकून ती वाटेत टायर बदलायला थांबली, तिथून साडीच्या दुकानात शिरली. लॅबवर पोचली तेव्हा फडकं वाळून कडक झालं होतं. आता परत कर्जतला कोण जातंय, म्हणून तिनं तसंच प्लास्टर ओतलं.

आणि माप कुणाचं, तर सोनाबाईंचं. त्या धवलारीण. हळदीला, लग्नाला धवल्यांची गाणी गावीत तर त्यांनीच. दात पडल्यापासून शब्दांतून नुसती हवा जायची. नातवाच्या हळदीला तरी नीट गाता यावं, एवढ्यासाठी ही कवळी.

डॉक्टरांनी लावून बघितली तेव्हा मेणातली कवळी सोनाबाईंच्या तोंडात ढिली बसली. "मेणाचं असंच असतं, पक्की झाली की धरेल," नंदानं डॉक्टरांना ठोकून दिलं. पक्की कवळी प्लास्टरच्या साच्यावर सुरेख बसली. बसणारच, त्याच चुकीच्या साच्यावर तर घडवली होती.

कवळी लोधिवलीला गेली आणि नंदाची झोप उडाली. हातातलं काम अर्धं टाकून ती माडीवर येरझारा घालायची. सांगायला फोन उचलायचा, परत ठेवायचा. हळदीच्या दुपारी मात्र तिला राहवेना. तिनं डॉक्टरांना फोन करून सगळं ओकून टाकलं. डॉक्टर भडकल्या, पण म्हणाल्या, "आत्ता घेऊन ये त्यांना. कवळीला आतून नवा थर देते, तासाभरात होईल."

नंदानं स्कूटर दामटली. सोनाबाई मागल्या पडवीत भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होत्या.

"आजी, कवळी पडते ना?"

"कवळी झ्याक हाय गं. माजंच तोंड आता कामातून गेलं. आ केला का खाली येती. सकाळीच सांगून टाकलं घरात, सूनबाई सुरभी गाईल. तिलाच बसवलंय पुडं. आपलं झालं आता."

नंदाला स्वतःची लाज वाटली. "तुमचं तोंड बरोबर हाय, आजी. माप मी सुकवलं. मला तवाच म्हायती होतं."

सोनाबाईंनी हातातला तुकडा पाण्यात सोडला. "मंग येवढे दिस काय करीत व्हतीस?"

नंदानं स्कूटरची किल्ली काढली. "चला ना, डॉक्टर थांबल्यात. हळदीला तुमीच गा."

तेवढ्यात मांडवातून सुरभीचा आवाज आला. आधी चाचरला, मग सावरला. सोनाबाईंनी कान दिला. एका ओळीला त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"साऱ्या बायांम्होरं बसलीय पोर. तिला आता उठवू काय?" त्यांनी भिजलेला तुकडा तोंडात टाकला. "उद्या ये. जेवाया लागतीलच दात."