न झालेली कावीळ

ओरोसच्या डॉक्टरांनी विचारलं, "जगावंसं वाटतं का?" मी खरं ते सांगितलं, नाही वाटत. आई शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते ऐकलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रजा घ्यायला लावली, आणि कागदाच्या मागे चार कामं लिहिली. ठरल्या वेळी उठायचं, आंघोळ करायची, थोडं चालायचं, दोन वेळा जेवायचं. मी चौतीस वर्षांचा सरकारी कारकून, क्वार्टरमध्ये एकटा राहणारा. आपल्याला 'आंघोळ कर' हे लेखी सांगावं लागतं याची मला लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता.

आई मला एसटीने गावी घेऊन आली. घरी पोचलो तर शेजारची काकी दारापुढच्या खळ्यात उभी. "झिलाक काय झाला गो?"

आईने श्वासही न घेता सांगितलं, "कावीळ झाली हा."

तिचंही चुकलं नाही. मुलगा लग्नाचा. 'मन आजारी आहे' म्हटलं की तिठ्यावर पोचेपर्यंत त्याचं 'याड लागला' होतं. कावीळ कशी अब्रूदार, कुणालाही होते आणि बरीही होते. पण एवढं डोकं चालवणाऱ्या माझ्या आईला एक गोष्ट सुचली नाही. कावीळ म्हणजे मासे बंद. आणि आमच्याकडे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे घरातल्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. दुसऱ्या दिवसापासून मासेवाली आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी न थांबता पुढे जाऊ लागली. काकी रोज सकाळी भुईआवळी ठेचून तिचा रस घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईस्तोवर समोर उभी राहायची. तो रस इतका कडू, की खरी कावीळ परवडली असती. माझ्यापायी आईचेही मासे सुटले. माझं काही अडलं नाही. मला तेव्हा सगळंच मातीसारखं लागत होतं.

उठणं हे सगळ्यात कठीण काम. त्याचे मी तुकडे केले. आधी पाय खाली, मग चटई गुंडाळणं, मग तोंड धुणं. बावीतून, म्हणजे परसातल्या विहिरीतून, पाणी काढून बारा कळशा बागेत ओतायच्या, हे काम मी स्वतःहून घेतलं. मन रमावं म्हणून नव्हे. दमल्यावर झोप येईल एवढीच अपेक्षा. दहा वाजता पेज, मग गोळी, संध्याकाळी दाढी. काही दिवस यातलं काहीच जमलं नाही, दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय खाली ठेवण्यापासून सुरुवात केली. समुद्राकाठी राहता म्हणजे मन किती प्रसन्न राहत असेल, असं मुंबईहून येणारे म्हणतात. समुद्र काही करत नाही. तो आपला आपल्या कामात असतो.

पाचव्या आठवड्यात सकाळी किनाऱ्यावरून चालत होतो. रापण लागली होती. होडीने समुद्रात लांबलचक जाळं गोल टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. जो हात लावेल त्याला वाटा, मग तो कुणीही असो, असा रिवाज आहे. रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, माझ्यावर ओरडला, "नुसतो फिरतंस कित्या रे? दोरीक हात लाव!"

लावला. तासभर ओढत होतो. हाताची साल गेली. जाळं वर आलं तेव्हा बांगडे तडफडत होते आणि मला भूक लागली. दोन महिन्यांनी लागलेली भूक ओळखायलाही मला थोडा वेळ लागला.

तांडेल वाटे घालत माझ्यापाशी आला आणि थबकला. "तुका नको. कावीळ आसा तुका. तुझी आवस माका मारतली."

"माका कावीळ नाय," मी म्हणालो. "मन बरा नाय. गोळ्यो खातंय."

गावात हे पहिल्यांदाच बोललो होतो. त्याने एक पिशवी उचलली. मग म्हणाला, "मग असा सांग ना. हात मात्र बरो चलता तुझो." आणि पाच बांगडे पिशवीत टाकले.

घरी येऊन आईला म्हटलं, तळ, मला खायचेत. तिने आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग मागचं दार. तळलेला बांगडा खिडकी-दाराला जुमानतो होय! पहिला संपायच्या आत काकी रसाची वाटी घेऊन दारात हजर. माझ्या हातात काटा, तोंडात घास. मी आईकडे बघितलं.

आई उलथणं हातात धरून उभी होती. "तेका कावीळ नाय व्हती गो," ती म्हणाली. "मनाचो आजार आसा. मीच खोटा सांगलंय. पण आज तेना आपणाहून खावक मागल्यान." आणि रडायला लागली.

काकीने वाटी खाली ठेवली. "माका काय म्हायत नाय? तो पाणी काढता तवसर तू रोज माडाच्या आड उभी रवतंस. कावीळ झालेल्याची बावीर राखण कोण करता गो?"

"मग रस कित्या हाडी होतंस?"

"रोज येवन तेचा तोंड बघूचा तर कायतरी निमित्त नको?"

आई माडाच्या आड उभी असायची, हे मला तेव्हा कळलं. मी मान वर केली नाही. जेवणही थांबवलं नाही; थांबवलं असतं तर दोघी घाबरल्या असत्या.