खुलासा करावा

बाईंनी मला पहिला मेमो दिला तेव्हा मला नोकरीला लागून चार तास झाले होते.

"आपण आज सकाळी पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे ठेवले. टाकीत कबूतर पडले. कबूतर वाचले. तरी खुलासा करावा." अर्धा कागद, शेवटी सही आणि तारीख, खाली कार्बन लावून काढलेली प्रत. मी त्यांच्या टेबलासमोरच उभा होतो. हेच त्या तोंडानं सांगू शकल्या असत्या, पण बाई तोंडानं कोणाला रागवत नसत. मी लिहून दिलं, "झाकण मी उघडे ठेवले. कबूतर पडले यात माझा हात नाही." बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अर्धाच खुलासा आहे भाऊ. उरलेला जेवून लिवा."

चंद्रपूरच्या बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर शहरातल्या बेघरांसाठी एक निवारा आहे. खाली पुरुष, वर बायका, मागे स्वयंपाकघर. बाई तिथल्या व्यवस्थापिका, मी केअरटेकर आणि स्वयंपाकाला कौशल्याबाई. त्याआधी बाईंनी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून केली होती. रिटायर झाल्यावर आरमोरीच्या घरी एकटीनं बसवेना म्हणून इथं आल्या. टेबलावर बाबासाहेबांचा एक लहान फोटो आणि शेजारी कार्बन पेपरचा डबा. दोन्हींवर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही.

लिहिताना त्यांची मराठी सरकारी असे आणि बोलताना आरमोरीची. कागदावर जो 'सदर इसम' असे, तो समोर आला की "काऊन जी बाबा, पाय दुखते का?" असं व्हायचं. बाबाला आपण सदर इसम आहोत याची कल्पना नसे.

मेमोतून कोणी सुटत नसे. कौशल्याबाईंना एकदा मिळाला, "आजच्या वरणात डाळ आढळून आली नाही." कौशल्याबाईंना लिहिता येत नव्हतं. मग बाई स्वतः स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, मी लिवते." कौशल्याबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "लिवा, डाळच कमी आली. आन् हे बी लिवा का कोठीत काय हाय ते बाईलेच मालूम नाई." बाईंनी अक्षर न् अक्षर तसंच उतरवलं, खाली कौशल्याबाईंचा अंगठा घेतला आणि शेरा मारला: खुलासा समाधानकारक. दुसऱ्या दिवशी डाळ आली.

शहरातले एक गृहस्थ वाढदिवसाला निवाऱ्यात फळं वाटायला आले होते, सोबत फोटोग्राफर. त्यांनाही बाईंनी मेमो दिला. "आपण एकच सफरचंद सहा जणांच्या हातात देऊन सहा छायाचित्रे काढली व जाताना सफरचंद परत नेले. खुलासा करावा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरनं सफरचंदांची पेटी आणून ठेवली. बाईंनी ती वाटून टाकली आणि कागदावर लिहिलं, "फळे प्राप्त. खुलासा प्रलंबित." तो अजूनही प्रलंबितच आहे.

बाईंना अभिमान एकाच गोष्टीचा होता. निवाऱ्यात आलेल्या माणसाचं गाव शोधून काढायचं आणि त्याला घरी नेऊन सोडायचं. अहवालात त्याला पुनर्वसन म्हणत आणि त्यासाठी वेगळा रकाना असे. माणूस दोन वाक्यं बोलला की बाई त्याचा तालुका ओळखत. सिरोंच्याकडचा असला की मध्येच तेलुगू शब्द येतो, भामरागडकडचा असला की गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सोनाबाई आल्या तेव्हा बाईंना फार शोधावं लागलं नाही. सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या, रेल्वे स्टेशनवर सापडलेल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आरमोरीच्या पुढं एका गावात पुतण्या होता. बाईंना आपल्याच मुलखातलं माणूस सापडल्याचा आनंद झाला. पंधरा दिवसांत त्यांनी पुतण्याशी फोनवर बोलणी केली आणि सोनाबाईंना घेऊन आम्ही दोघं निघालो.

गडचिरोली सोडल्यावर सोनाबाई म्हणाल्या, "मले नाई जाचं."

बाईंनी ते ऐकलं. मीही ऐकलं. बाईंनी त्यांना खिडकीची जागा दिली. मी पुढच्या सीटमागे लिहिलेलं वाचत बसलो.

पुतण्यानं अंगणात खुर्च्या टाकल्या, बशीतून चहा दिला, म्हातारीची फार आठवण येत होती म्हणाला. फॉर्मवर तिचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं ते बायकोला विचारलं. बाईंनी सही घेतली. परतीच्या वाटेवर गडचिरोलीच्या स्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली. "घर ते घर असते भाऊ," त्या म्हणाल्या. हे त्या प्रत्येक वेळी म्हणत.

दीड महिन्यानं, दुपारी मी गच्चीवर चादरी वाळत घालत असताना फाटकाशी सोनाबाई दिसल्या. हातात पिशवी नव्हती. एका पायाला फडकं गुंडाळलेलं. मी खाली धावलो, कौशल्याबाईंनी आधी पाणी आणि मग भात दिला. जेवता जेवता त्यांनी जे सांगितलं ते एवढंच: "धान राखाले बसवलं होतं वावरात. वाघ फिरते तिकडे. तं रातच्या जागलीले कोणी जात नाई. घरात मीच होती मोकळी."

कौशल्याबाईंचा हात थांबला. "आलता का मंग वाघ?"

"आलता एक डाव. पाह्यलं मले. गेला." आणि त्यांनी ताट पुढं केलं. "भात हाय का अजून?"

बाई दारात उभ्या होत्या. टेबलाशी जाऊन बसल्या आणि कार्बनचा डबा उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मेमो पुतण्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोटीस बोर्डावर होता. "प्रति, व्यवस्थापिका. आपण श्रीमती सोनाबाई यांना त्यांच्या पुतण्याकडे नेऊन सोडले. त्यांनी बसमध्ये 'मले नाई जाचं' असे स्पष्ट सांगितले होते. ते आपणास ऐकू आले होते. तीन दिवसांत खुलासा करावा." खाली सही व्यवस्थापिकेचीच. निवाऱ्यातल्या ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ते इतरांना वाचून दाखवलं. दिवसभर कोणी बाईंच्या टेबलाकडे फिरकलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यासमोर चार पानं ठेवली. "खुलासा आहे. शेरा वरच्यानं मारायचा असते, पण माह्या वर इथी कोणी नाई. तुमी वाचा आन् मारा."

चार पानांत वसतिगृहातल्या मुली होत्या. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायला नको म्हणणाऱ्या मुली दरवर्षी दोन-तीन तरी असत. बाई त्यांची समजूत काढून त्यांना गाडीत बसवून देत. सुट्टीनंतर त्यांतल्या काही परत येत नसत. मग हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं त्या लाल रेघ ओढत. अशा किती रेघा ओढल्या ते आठवत नाही, असं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, "घर असणे चांगले असते, असा माझा समज होता."

मी लिहिलं, "समाधानकारक."

बाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "तुमाले वाचता येते ना भाऊ?"

मी पेन परत उचललं. बाई समोर बसून होत्या, घाई करत नव्हत्या. शेवटी मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, "असमाधानकारक. मी त्याच बसमध्ये होतो. मलाही ऐकू आले होते."

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, कागद फाइलला लावला. "कौशल्याबाईले च्या सांगा," त्या म्हणाल्या. मी उठलो तेव्हा मागून म्हणाल्या, "दोन सांगा."

त्यानंतर निवाऱ्यात एक नवीन वही आली. घरी पाठवण्याआधी माणसाला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचं, जायचं का? त्यातलं एकदा तरी जेवण झाल्यावर. "उपाशी माणूस कशालेबी हो म्हणते," बाई म्हणायच्या. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपली मराठी घालायची नाही. त्या वहीत असं काय काय होतं: "घर हाय, पण घरात भाऊ हाय." "सून बोलत नाई ते चालते, नातू बोलत नाई." "पुढच्या महिन्यात विचारा." जो तिन्ही वेळा हो म्हणाला त्याच्या घरी बाई आधी एकट्या जाऊन दिवसभर बसून येत. असे सहा महिन्यांत दोघंच निघाले.

निवारा चालवणाऱ्या संस्थेचे साहेब अहवाल घेऊन आले. "बाई, पुनर्वसनात दोनच नावं?"

"बाकीच्यायले विचारलं साहेब. नाई म्हणाले."

"अहो, आपलं काम माणसं घरी पोचवायचं आहे. निवारा म्हणजे काही घर नाही."

"ते मलेबी मालूम आहे आन् त्यायलेबी. म्हणून तं विचारून राह्यली. मांगं न विचारता पोचवली होती एक. वाघानं सोडली म्हणून परत आली."

साहेबांना वाटलं बाई काहीतरी अलंकारिक बोलताहेत. त्यांनी मान डोलावली.

नवीन वर्षाच्या नेमणुकांचे आदेश निघाले तेव्हा त्यात बाईंचं नाव नव्हतं. वेगळं पत्र आलं, सेवेची आवश्यकता उरली नसल्याचं. बाईंनी लाल पेनानं त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि पत्र फाइलला लावलं. मी भांडायला जातो म्हणालो तर म्हणाल्या, "तुमी गेले तं वही कोण लिवन?"

जाण्याआधी त्यांनी सोनाबाईंना विचारलं. आरमोरीला दोन खोल्या आहेत, अंगणात नळ आहे, येता का माह्यासंग राहाले? पहिल्या दिवशी सोनाबाई म्हणाल्या, "आरमोरी पुतण्याच्या रस्त्यावर पडते." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमी लय लिवता बाई." तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नुसतंच म्हणाल्या, "नाई." बाईंनी तिन्ही उत्तरं वहीत उतरवली, तारखा घातल्या, वही माझ्या हातात दिली आणि एकट्याच गाडीत बसल्या.

बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हिवाळ्यात. एका सकाळी सोनाबाई तेल लावून, केस विंचरून माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "बाईले भेटाले जाचं. मुक्कामाले नाई." मी सुट्टी टाकली.

बाई अंगणात वड्या वाळत घालत होत्या. फार वाळल्या होत्या. आम्हाला पाहून "या" म्हणाल्या, जसं काही आम्ही कालच गेलो होतो. दोघींनी मिळून वांगी चिरली, भात टाकला. सोनाबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि निवाऱ्यात कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घोरण्यानं कोणाशी भांडण झालं ते सगळं सांगत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बाई मध्येच विचारायच्या, "मंग?" चार वाजता सोनाबाई उठल्या. "चला भाऊ, गाडी जाईन."

बाई स्टँडपर्यंत आल्या. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला. त्यांना कोणाला हात हलवताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तो हलतही नव्हता. नुसता सरळ वर धरलेला. ड्रायव्हरला वाटलं, गाडी थांबवायची आहे. त्यानं ब्रेक मारला. कंडक्टरनं दार उघडलं. "चढा ना बाई लवकर!"

"मी नाई येत."

"मंग हात काऊन दाखवला?"

बाई तशाच हात वर करून उभ्या. सोनाबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या, त्यांनीही आपला हात तसाच सरळ वर धरला आणि ओरडल्या, "जाऊ द्या जी गाडी! आमी समजलो!"

कंडक्टरनं बेल मारली. आरमोरी मागं पडेपर्यंत सोनाबाईंनी हात खाली घेतला नाही. मग काच ओढून घेतली, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "बारीक झाली बाई. एकटीपुरतं रांधत नसन. पुढच्या डावाले आपण डबा घेऊन येऊ."