चाळीस लिटर पाणी

"मोजलं का?" हे त्याचं गुड मॉर्निंग होतं. घाटकोपरच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये तो टेक्निशियन होता, मी नर्स. सकाळी पेशंट दारातून आत आला की हा विचारणार, "मोजलं का?" म्हणजे वजन; अंगात किती पाणी साठलंय ते त्यावरून कळतं. मशीन सुरू करण्याआधी पाण्यातलं क्लोरीन तो दोनदा तपासायचा. एकदा माझ्या डब्यातली आमटी चाखून म्हणाला, "मीठ मोजलं नाहीस गं." आगाऊ होता, पण चुकीचा नव्हता.

घरच्या कोणाबरोबर तुम्ही अशा सेंटरमध्ये बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, समोर नुसती भिंत. त्या भिंतीला लावून त्याने एका रविवारी माशांसाठी दीडफुटी काचेची टाकी मांडली. तळाला माती, वर बारीक खडी, लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधलेलं नेचं, मागे गवतासारखी उंच पाती.

पाणी मात्र त्याने आमच्या शुद्धीकरण प्लांटचं भरलं, मशीनला जातं ते. मुंबईतलं सगळ्यात शुद्ध पाणी, असा त्याचा तोरा. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली आणि मी त्याची यथेच्छ टिंगल केली.

"इतकं स्वच्छ पाणी मशीनलाच चालतं," तो खजील होऊन म्हणाला. "जिवंत वस्तूला त्यात काहीतरी लागतं."

मग नळाचं पाणी बादलीत ठेवून, रोज थोडं थोडं बदलून त्याने झाडं सावरली. तरी महिनाभर मासे नाहीतच. पाणी अजून तयार नाही, म्हणायचा. वाकोल्याहून येणारे एक रिटायर्ड कंडक्टर वैतागले. "आम्हाला दिवसाला चार कप पाणी, आणि ह्या गवताला चाळीस लिटर? झकास आहे तुमचं!" सगळा वॉर्ड हसला.

शेवटी मासे आले. आठ गप्पी, प्रत्येकाची शेपटी वेगळी. आणि इथे त्याच्याकडून चूक झाली. देवनारपलीकडच्या कोळीवाड्यातल्या एक आजी तेव्हा नवीन होत्या, सुई टोचताना रडायच्या. त्यांचं लक्ष वळवायला हा म्हणाला, "आजी, तो केशरी शेपटीचा तुमचा." झालं! सकाळच्या पाळीत पेशंट आठ, मासे आठ. प्रत्येकाने एकेक वाटून घेतला. आल्या आल्या आपला मासा शोधायचा, तो दिसला की मगच वजनकाट्यावर चढायचं.

पण गप्पी काही फार जगत नाही. कंडक्टरांचा मासा मेलेला सापडला तेव्हा हा मला बाजूला घेऊन कुजबुजला, "त्यांना काय वाटेल गं? वाट लागेल ना." त्याने गुपचूप तसाच दुसरा आणून सोडला. त्यानंतर मोबाइलमध्ये शेपट्यांचे फोटो घेऊन तो घाटकोपर ते मुलुंड दुकानं पालथी घालायचा.

मीही गप्प राहिले. आम्हाला ही सवय होतीच. एखादा पेशंट गेला की बाकीच्यांना सांगायचं, "ते आता नाहूरच्या सेंटरला जातात, घराजवळ पडतं." नाहूरला एव्हाना केवढी गर्दी झाली असेल, तुम्हीच विचार करा.

मग आजींचा केशरी मासा मेला. नवा आला. आजींनी टाकीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "पोरा, ह्यो माजा नाय."

"तोच आहे, आजी."

"चालीस वरसां मासली इकली मी. मना शिकवतंस? त्या कंडक्टरचा पन बदललास. दोनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"येवरी धावपल करतंस, तुना वाईट वाटंल म्हनून." मग त्यांनी विचारलं, "आनि ती खिडकीजवलची मास्तरीन? ती पन असीच नाहूरला गेली ना?"

तो सुईच्या पट्टीशी चाळा करत राहिला.

"सांगत जा रं आमाना. आमी काय बारकी पोरां हाव?"

त्या दिवशी तो जेवला नाही.

दोन-तीन महिन्यांनी एका सोमवारी आजींचा बेड रिकामा राहिला. त्यांच्या मुलाचा फोन येऊन गेला होता. कंडक्टरांनी विचारलं, "आजी कुठे?" मी सवयीने तोंड उघडणार, तेवढ्यात तो वॉर्डच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"आजी गेल्या. काल दुपारी, घरी, झोपेत."

मला त्याचा भयंकर राग आला. सात माणसं मशीनला जोडायची होती, आणि हा त्यांना हे काय सांगत होता!

"मास्तरीणबाई?" कोणीतरी विचारलं.

"त्याही."

"आणि ते चष्मेवाले शहा?"

"हो."

सगळे एकेक नाव घेत गेले. तो प्रत्येकाला "हो" म्हणत गेला, नजर न चुकवता. एकही नाव त्याने टाळलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी ज्याला दया म्हणत होते, ती माझी भीती होती.

नावं संपली. कंडक्टरांनी डोळे पुसले, शर्टाची बाही वर सरकवली आणि हात त्याच्यापुढे धरला.

"टोच," ते म्हणाले. "आणि माझ्या वेळेलाही ह्यांना असंच सांग. उभं राहून."